स्वस्तातलं नेटवर्क आणि चार नंबरची पैठणी

मी एकच पैठणी दोन बायकांना विकली. दोघींचे पैसे घेतले, दोघींना ‘आपली साडी निघाली आहे’ असा संदेश गेला, आणि मी जेवून, पंखा लावून झोपलो. फसवायचं म्हणून केलं असतं तर निदान हुशार तरी ठरलो असतो. मी हे सगळं केलं ते वेबसाइट भराभर उघडावी म्हणून.

वाळूजच्या एका कंपनीत मी वीस-बावीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळले. सांभाळले म्हणजे कुणी ‘बंद पडलाय’ म्हटलं की बंद करून चालू केले. एवढ्या अनुभवाच्या जोरावर नोकरी सोडली, गारखेड्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीला काचा लावून घेतल्या, तिथं टेबल टाकलं आणि लोकांना वेबसाइट करून द्यायला लागलो. उन्हाळ्यात त्या काचांमागं माणूस बरणीतल्या फोडीसारखा मुरतो. बायको म्हणते, मुरायला हरकत नाही, पण चव कधी येणार?

माझ्या मोजक्या गिऱ्हाइकांत एक दाताचे डॉक्टर, एक मंगल कार्यालय आणि पैठणच्या मावशी. मावशी म्हणजे माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. भाचीच्या लग्नाची साडी घ्यायला आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हाची ओळख. घरात दोन माग. एकावर मावशी आणि त्यांचे मालक आळीपाळीनं बसायचे, दुसऱ्यावर सून. एक साडी उतरायला चार-पाच महिने. त्यामुळं घरात विकायला म्हणून एका वेळी पाच-सहा साड्याच असायच्या, आणि एकीसारखी दुसरी नसायची.

त्या पहिल्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली होती. भाचीची साडी ठरली तशी मावशींनी तिची घडी घातली, लाल दोऱ्यानं बांधली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवली. आम्ही पैसे देऊन चहा पीत होतो, तोवर दुसरं एक कुटुंब साड्या बघायला आलं. त्यातल्या बाईंनी वरच्या फळीकडं बोट दाखवलं. मावशी म्हणाल्या, तिला दोरा बांधलाय. नुसती बघू द्या, म्हणून त्या बाई अडून बसल्या. मावशींनी दुसऱ्या चार साड्या उलगडल्या, पण ती काढली नाही. विकलेली साडी दुसऱ्याच्या डोळ्यालासुद्धा दाखवायची नाही, हा त्या घरातला नियम. सासूच्या सासूपासूनचा, असं त्या म्हणाल्या. मला तो फार आवडला. वेबसाइटचं काम घेतलं तेव्हा मी तो वहीत लिहूनही घेतला आणि वर त्यांना सांगितलं, मावशी, हे आता आपोआप होईल.

तर वेबसाइट झाली. प्रत्येक साडीला नंबर, मोठे फोटो, पदराचा व्हिडिओ, खाली पैसे भरायचं बटण. मग अमेरिकेतल्या कुणा बाईंनी कळवलं की पदराचा फोटो वरून खाली उतरेपर्यंत त्यांचा चहा होतो. मावशींना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, पदर विणायला दोन महिने लागत्यात, बघायला चहाएवढा वेळ लागला तर लागला. मला मात्र ते लागलं. मी कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क घ्यायचं ठरवलं.

नाव मोठं आहे, गोष्ट साधी. आपली वेबसाइट कुठल्या तरी एका कॉम्प्युटरवर असते. हे नेटवर्कवाले तिच्या प्रती काढून गावोगावच्या आपल्या कॉम्प्युटरांवर ठेवतात. बघणाऱ्याला जवळची प्रत मिळते, म्हणून पान पटकन उघडतं. यात एक महागातलं होतं आणि एक स्वस्तातलं. दोन्हींच्या भाड्यात फरक आमच्या घरच्या महिन्याच्या दुधाएवढा. मावशींना मी ‘तुम्ही काळजी करू नका’ असं म्हणून ठेवलेलं असल्यामुळं तो फरक माझ्याच खिशातून जाणार होता, हेही सांगून टाकतो.

त्या निवडीवर मी तीन आठवडे घालवले. तक्ता केला. त्याला रंग दिले. गॅलरीतून वेग मोजला, मग शेजाऱ्यांच्या वायफायवरून मोजला. शहागंजात मोबाइलला नीट रेंज नसते म्हणून मुद्दाम तिथं जाऊन, हातगाड्यांच्या गर्दीत उभं राहून मोजला. तिथं एक अत्तरवाला बराच वेळ माझ्याकडं बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, “क्या ढूंडरे साब, कुछ गिर गया क्या?” वेग बघतोय म्हटल्यावर त्यानं माझ्यासाठी स्टूल पुढं सरकवलं. उन्हाचं लागलं असेल असं त्याला वाटलं असावं.

दोन्ही नेटवर्कांचा वेग जवळपास सारखा निघाला. महागातल्या कंपनीच्या एका मुलीनं फोनवर तासभर माहिती दिली होती. तिनं मला कामाचा एकच प्रश्न विचारला होता, तो मी तेव्हा हसण्यावारी नेला. ती म्हणाली, “सर, तुमच्याकडचा माल लगेच संपतो का? म्हणजे पान बदललं की जुन्या प्रती सगळीकडून ताबडतोब पुसाव्या लागतील का? आमच्याकडं ते दोन सेकंदांत होतं.”

मी म्हणालो, “आमची एक साडी व्हायला पाच महिने लागतात. आम्हाला दोन सेकंदांची कसली घाई?”

ती बिचारी हसली. मीही हसलो. आणि स्वस्तातलं घेतलं.

त्या नेटवर्कनं सुरुवातीलाच एक प्रश्न विचारला: प्रत किती दिवस ठेवायची? एक तास, एक दिवस, सात दिवस असे पर्याय होते. प्रत जितकी जास्त दिवस ठेवावी तितका वेगाचा आकडा वर जातो आणि एक गोल हिरवा होतो. मी सात दिवस निवडले. गोल हिरवा झाला. मी तो बायकोला दाखवला. तिनं भाजी निवडता निवडता छान म्हटलं. आमच्या लग्नाला जेवढी वर्षं झाली आहेत तेवढ्या वर्षांत त्या ‘छान’चा अर्थ मला कळायला हवा होता.

चार नंबरची पैठणी डाळिंबी रंगाची होती, मुनिया काठाची, म्हणजे काठावर चिमुकल्या पोपटांची ओळ. एका गुरुवारी नागपूरच्या बाईंनी ती घेतली. मावशींनी तिला दोरा बांधला आणि शुक्रवारी कुरिअरला दिली. मी गुरुवारीच पानावर ‘विकली गेली’ असा लाल पट्टा टाकला, माझ्या लॅपटॉपवर उघडून बघितला, त्याचा फोटो काढून मावशींनाही पाठवला. पट्टा ठळक दिसत होता. मला दिसत होता, कारण मालक म्हणून आत शिरलेल्या माणसाला वेबसाइट नेहमी ताजं पान देते. बाकी सगळ्यांना ती जुनी प्रत सात दिवस देणार होती, आणि त्या प्रतीत चार नंबरची साडी पैसे भरायच्या बटणासकट मजेत पदर पसरून बसली होती.

रविवारी दुपारी जेवताना फोनवर पैसे आल्याचा संदेश आला: साडी नंबर चार. मला वाटलं, बँकेनं गुरुवारचाच संदेश पुन्हा पाठवला. आमच्या बँकेवर असा संशय घ्यायला मला कधी पुरावा लागत नाही. पलीकडं वेबसाइटनं आपणहून साडी निघाल्याचं कळवून टाकलं. मी ताक प्यायलो आणि झोपलो.

सोमवारी सकाळी फोन आला. आवाज वयस्कर, नीट शब्द उच्चारणारा. साडी कधी पोचेल, मुलीचं लग्न पाच आठवड्यांवर आहे, ब्लाउजला वेळ लागतो, असं त्या विचारत होत्या. मी नंबर विचारला. चार, त्या म्हणाल्या. पत्ता विचारला, तर गारखेडा. माझ्या घरापासून तिसरी गल्ली. अमेरिकेतल्या बाईला पटकन दिसावं म्हणून मी जगभर प्रती ठेवल्या होत्या आणि फसलं कोण, तर जिच्या गच्चीवरची टाकी माझ्या गॅलरीतून दिसते ती बाई.

त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी “पोचेल” म्हणालो. का म्हणालो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. समोरून कुणी इतक्या भरवशानं विचारत असलं की माझ्या तोंडून होकार आधी निघतो, डोकं मागून येतं. कंपनीतही याच गुणानं मी नावाजलेला होतो.

मग मी नेटवर्कवाल्यांना इंग्रजीत एक लांबलचक संतापाचं पत्र लिहिलं. त्यात विश्वासघात हा शब्द दोनदा होता. त्यांच्याकडं फोन उचलायला माणूस नसतो, ते स्वस्तात बसत नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. दोन ओळी. सात दिवसांची मुदत आपणच निवडलेली आहे, एक तासाचाही पर्याय होता, आपला दिवस चांगला जावो. ते उत्तर बायकोनंही वाचलं. तिनं नुसतं माझं ताट वाढलं आणि त्यात लोणचं जरा जास्त वाढलं.

हे मावशींना फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. मी एसटीनं पैठणला गेलो. भर उन्हाची गाडी, खिडकीच्या पत्र्याला हात लावायची सोय नाही. सगळ्या वाटेनं मी वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात दोष नेटवर्कचाच निघत होता. वाटेत दोनदा डुलकी लागली. दोन्ही वेळा जाग आली तेव्हा वाक्यं तीच होती, मी फक्त आणखी दमलो होतो.

प्रश्न एका साडीचा नव्हता, हे मला कळत होतं. मावशींच्या साडीला दुकान लागत नाही. त्यांच्याकडून घेतलेली बाई दुसऱ्या बाईला सांगते, एवढ्यावरच त्यांचं घर चालतं. एका साडीचे दोघींकडून पैसे घेतात, असं एकदा कुणी बोललं की दोन माग आणि तीन माणसांची सगळी वर्षं त्या एका वाक्याखाली जाणार होती. आणि ते वाक्य माझ्यामुळं बोललं जाणार होतं.

मावशी मागावर होत्या. मी बोलत राहिलो, त्या विणत राहिल्या. प्रती, सर्व्हर, सात दिवस, हिरवा गोल, सगळं सांगून झालं. मग हातातला धोटा थांबला.

“म्हंजे दोरा बांधलेली साडी तुमी दाखवली.”

“मी नाही मावशी, नेटवर्कनं दाखवली.”

“नेटवर्क कुणी आणलं?”

मग वाटेत जुळवलेली, मला फार शहाणपणाची वाटलेली सूचना मी पुढं केली. नागपूरचं पार्सल अजून रस्त्यात असेल. त्या बाईंच्या घरी लग्न वगैरे काही नाही, त्यांना समजावून ते परत मागवू आणि गारखेड्यातल्या बाईंना देऊ. मावशींच्या मालकांनी कोपऱ्यातून माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली केली. मावशी मागावरून उठल्या.

“तिला दोरा बांधून झालाय, भाऊ. ती साडी आता माझी ऱ्हायली नाय. तुमची तर कधीच नव्हती.”

पाणी दिलं, चहा दिला, पोहेसुद्धा दिले. रागावलेल्या घरात पाहुणचार नीट झाला की फार जड जातं. निघताना एवढंच म्हणाल्या, त्या ताईंना इथं घिऊन या. काय सांगायचं ते मी सांगते, तुमी सांगू नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोला घेऊन तिसऱ्या गल्लीत गेलो. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, गणिताच्या शिक्षिका. हॉलमध्ये लग्नपत्रिकांचे गठ्ठे, एका खुर्चीवर नावांच्या याद्या. मी साडी दुसरीकडं गेल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, मग मला दिसत कशी होती? मी गावोगावच्या प्रतींपासून सुरुवात केली. बायकोनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला, हलका नव्हे.

बाईंनी चष्मा काढला. “सोमवारी तुम्ही ‘पोचेल’ म्हणालात. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या. एवढंच. शाळेत अशा ‘बरं’नंतर वही पालकांची सही घेऊन यावी लागायची. पैसे मी उद्याच परत करतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, पैशांचं बघू. मुलीनं महिनाभर बघून तीच साडी निवडली होती. तिला काय सांगायचं ते आधी ठरवू दे. विणणाऱ्या बाई बोलवतायत ना? मग मला त्यांना बघायचंय.

पुन्हा पैठण, पुन्हा तीच गाडी. बाई खिडकीशी, मी कडेला. पाऊण रस्ता त्या बोलल्या नाहीत. मग एकदम विचारलं, तुम्ही आधी काय करत होता? मी कंपनी, कॉम्प्युटर वगैरे सांगितलं. त्यावर त्या उरलेला रस्ताही बोलल्या नाहीत.

मावशींनी त्यांना आधी काहीच सांगितलं नाही. हात धरून थेट मागापाशी नेलं. मागावर एक साडी निम्मी झाली होती, हिरवी, पोपटाच्या पंखासारखी, तिच्याही काठाला मुनिया. मग शांतपणे म्हणाल्या, “ताई, चूक माझ्या घरातून झाली. तुमच्या पोरीची साडी मी दुसऱ्याला दिली नाय. दुसऱ्याची तुमाला दाखवली गेली. डाळिंबी पाच आठवड्यांत व्हायची नाय. खोटं बोलून हो म्हनणार नाय मी.” हे वाक्य बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

बाई मागाकडं बघत होत्या. मुलीला डाळिंबीच हवी होती, असं त्या म्हणाल्या, पण आवाज गारखेड्यातल्यापेक्षा खाली आला होता.

“लग्नाला दुसरी घ्या. कुठूनबी घ्या,” मावशी म्हणाल्या. “ही श्रावणाच्या आधी उतरतीय. पहिल्या मंगळागौरीला नेसंल पोरगी. वैशाखात डाळिंबी समदेच नेसत्यात. श्रावणात हिरवीच पायजे.”

बाईंनी वाकून काठावरून बोट फिरवलं, अगदी हलकं. उलट बाजू बघायला मागितली. सुनेनं खालून आरसा धरला. गणिताच्या बाई बराच वेळ आरशात बघत राहिल्या, उत्तराचा ताळा करून बघावा तशा. मग पर्समधून फोन काढून मुलीला लावला आणि बाहेर ओसरीवर गेल्या. आत मालक चाकावर रेशमाच्या कांड्या भरत होते, त्यांचं चाक थांबलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातले उपवास वाचत होतो.

पाच-सात मिनिटांनी त्या आल्या. मुलगी नाराज आहे, म्हणाल्या. पण मंगळागौरीचं ऐकून जरा थांबली. तिला ही मागावर असतानाच बघायची आहे, रविवारी घेऊन येते. आवडली तर ठेवू. नाही आवडली तर पैसे परत, आणि मग मी चारचौघींत जे झालं ते सांगेन, लपवणार नाही.

मावशी म्हणाल्या, व्हय, तसंच करा. मग कपाटातून लाल दोरा काढला आणि मागाच्या लाकडाला, चालू साडीच्या वर, गाठ मारून बांधला. विणून व्हायच्या आधीच साडीला दोरा बांधलेला मी तेव्हाच पाहिला. बाईंनी त्या गाठीकडं बघितलं, पदर सावरला आणि पहिल्यांदाच चहा घेतला.

मला राहवलं नाही. मी फोन काढला, म्हटलं, हिचं नवं पान करू, त्यावर हा फोटो छान दिसेल. मावशींनी हात आडवा केला. हिचा फोटो नाय, म्हणाल्या. दोरा दिसंना का?

रविवारी मुलगी आली. मी नव्हतो, मला बोलावलंही नव्हतं. मावशींचा फोन संध्याकाळी आला. पोरीला हिरवी आवडली, फक्त पदरावर मोर आनखी एक पायजे म्हणे, तो घालते. मी गॅलरीत खुर्चीवर बसून राहिलो. पंखा गरम हवा फिरवत होता. समोर तिसऱ्या गल्लीतली टाकी दिसत होती. बरं वाटायला हवं होतं. नुसती झोप येत होती.

मग वाटलं, एवढं सगळं झाल्यावर माझ्याकडूनही काही तरी मोठं व्हायला हवं. मी मावशींना पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, आता मी ते महागातलं नेटवर्क घेतो. माझ्या खर्चानं. त्यात पान बदललं की जगभरातून दोन सेकंदांत जुनी साडी गायब. पुन्हा असं व्हायचं नाही.

पलीकडं मागाचा खटखट आवाज चालू होता. तो थांबला.

“घ्या की,” मावशी म्हणाल्या. “पन माग महागाचा आसू द्या न्हाईतर स्वस्ताचा, भाऊ, बसणार त्यावर तुमीच ना?”